फ्रेंड विषाणूच्या प्रयोगातला फसवा निकाल: खान्देशातील एका प्रयोगशाळेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या फार्मसी महाविद्यालयात हा प्रयोग झाला. संस्था, माणसे आणि वनस्पती यांची नावे इथे दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत. प्रयोगाची पद्धत, निकाल कुठे फसला आणि ते कसे उघड झाले याचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न साधा होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत एका झाडाच्या सालीचा काढा रक्ताच्या तक्रारींवर देतात. रेट्रोव्हायरस या गटातल्या विषाणूंमुळे होणाऱ्या ल्युकेमियाला, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाला, त्या सालीचा अर्क थोपवतो का, हे उंदरांवर तपासायचे होते. प्राणी नैतिकता समितीकडे फॉर्म बी भरून ४० उंदरांची परवानगी घेतली होती. जैवसुरक्षा समितीची मंजुरीही होती. विषाणू एका मोठ्या संशोधन संस्थेकडून कोरड्या बर्फात आला होता.

हा विषाणू म्हणजे फ्रेंड विषाणू. उंदरांच्या ल्युकेमियामागे विषाणू असू शकतो हे लुडविक ग्रॉस यांनी १९५१ मध्ये दाखवले. ‘एके’ नावाच्या जातीच्या ल्युकेमियाग्रस्त उंदरांचा पेशीविरहित अर्क त्यांनी सीथ्रीएच जातीच्या, जन्मून काही तासच झालेल्या पिलांना टोचला होता. त्या पद्धतीत ल्युकेमिया दिसायला महिनोन्महिने लागत. १९५७ मध्ये शार्लट फ्रेंड यांनी असा विषाणू मांडला की जो प्रौढ उंदरांतही काही आठवड्यांत रोग घडवतो. प्लीहा, म्हणजे लॅबच्या बोलीत स्प्लीन, झपाट्याने फुगते. निरोगी उंदराची प्लीहा साधारण ०.१ ग्रॅमची असते, ती दोन-तीन आठवड्यांत एक ग्रॅमच्या वर जाते. तराजूवर मोजता येईल असा रोग असल्यामुळे औषधे तपासायला ही पद्धत सोयीची ठरली. याच कुळातला रॉशर विषाणू वापरून १९८६ मध्ये रूथ रुप्रेख्त आणि सहकाऱ्यांनी एझेडटी, म्हणजे झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे औषध, उंदरांतली विषाणूबाधा आणि रोग दाबते हे दाखवले होते.

फ्रेंड विषाणू म्हणताना प्रत्यक्षात दोन विषाणूंची जोडी असते. एक स्प्लीन फोकस फॉर्मिंग व्हायरस, जो रोग घडवतो पण स्वतःच्या बळावर नवे कण तयार करू शकत नाही. दुसरा त्याला मदत करणारा फ्रेंड ल्युकेमिया विषाणू. पहिल्याचे जीपी५५ नावाचे प्रथिन तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींवरील एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटते. संप्रेरक नसतानाही पेशींना वाढीचा इशारा मिळत राहतो आणि प्लीहा त्यांनी भरून जाते. सी५७ ब्लॅक ६ जातीचे उंदीर एफव्ही२ या जनुकामुळे याला दाद देत नाहीत, म्हणून इथे बाल्ब सी जातीच्या सहा ते आठ आठवड्यांच्या माद्या घेतल्या होत्या. ही निवड बरोबर होती, आणि पुढे शंका आली तेव्हा एक दिशा त्यामुळे लगेच बंद करता आली.

प्रयोगाची मांडणी

आठ-आठ उंदरांचे पाच गट होते: फक्त बफर (आम्लता स्थिर ठेवणारे क्षारांचे द्रावण) टोचलेला निरोगी गट. विषाणू आणि अर्काऐवजी सीएमसीचे (अर्क ज्यात मिसळतात त्या निष्क्रिय पदार्थाचे) ०.५ टक्के द्रावण. विषाणू आणि पिण्याच्या पाण्यातून एझेडटी. विषाणू आणि २०० मिग्रॅ प्रति किलो अर्क. विषाणू आणि ४०० मिग्रॅ प्रति किलो अर्क. अर्क रोज तोंडावाटे नळीने दिला जाई. २० ग्रॅमच्या उंदराला ०.२ मिलीमध्ये ४ किंवा ८ मिग्रॅ असा हिशेब होता.

विषाणूचा साठा म्हणजे बाधित प्लीहेचा बफरमध्ये केलेला १० टक्के लगदा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचे पाणी गाळून, क्रायोव्हायलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवलेला. त्यातले व्हायल वितळवून साध्या फॉस्फेट बफरमध्ये एकास दहा पातळ केले आणि प्रत्येक उंदराच्या शेपटीच्या शिरेत ०.२ मिली टोचायचे ठरले.

शेपटीच्या शिरेत टोचणे हे हाताचे काम आहे. सरावाच्या माणसालाही एका उंदरामागे दोन-तीन मिनिटे जातात. सुई शिरेबाहेर गेली की शेपटीला फुगवटा येतो आणि पुन्हा वरच्या बाजूने सुरुवात करावी लागते. पिंजरे ज्या क्रमाने मांडणीवर होते त्या क्रमाने काम सुरू झाले. निरोगी, सीएमसी आणि एझेडटी हे तीन गट झाले, आणि दुपारी ॲनिमल हाऊसची खोली प्रात्यक्षिक परीक्षेसाठी रिकामी करावी लागली. उरलेला पातळ विषाणू बर्फाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. अर्काचे दोन्ही गट दुसऱ्या दिवशी सकाळी टोचले.

मे महिना होता. जळगाव-भुसावळ पट्ट्यात त्या दिवसांत पारा ४५ च्या आसपास असतो आणि रात्रीही भिंती तापलेल्याच असतात.

निकाल आणि त्यात खटकलेली गोष्ट

चौदाव्या दिवशी प्लीहा काढून वजन केले. सीएमसी गटाची सरासरी सव्वा ग्रॅमच्या आसपास आली. एझेडटी गटाची त्याच्या निम्म्याहून कमी. अर्काच्या दोन्ही गटांची ०.४ ग्रॅमच्या जवळ, म्हणजे एझेडटीच्या तोडीस तोड. सांख्यिकी चाचणीत फरक ठळक होता. परिषदेसाठी सारांश तयार झाला, पेटंटची बोलणीही सुरू झाली.

एझेडटीने अपेक्षेप्रमाणे काम केल्यामुळे सगळ्यांचा विश्वास वाढला. पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्याचा परिणाम आधीच माहीत आहे असा गट) चालला, म्हणजे पद्धत बरोबर आहे, असा सरळ विचार होता. पण सीएमसी आणि एझेडटी हे दोन्ही गट पहिल्या दिवशी, एकाच ताज्या विषाणूने टोचलेले होते. त्या दोघांची आपसातली तुलना निर्दोष होती. दुसऱ्या दिवशीच्या गटांबद्दल तो कंट्रोल काहीही सांगत नव्हता.

आकड्यांवर पहिले बोट पुण्याच्या सहमार्गदर्शक मॅडमनी ठेवले. “डोस दुप्पट केला तरी प्लीहेचं वजन तेवढंच कसं?” असे त्यांनी विचारले. मार्गदर्शक सरांचे म्हणणे होते की २०० मिग्रॅलाच परिणाम कमाल पातळीला पोहोचला असेल. हे अशक्य नाही. पण कमाल परिणाम असेल तर प्लीहा निरोगी वजनाच्या जवळ यायला हवी होती. ती चौपट होती. अर्धवट परिणाम आणि तोही डोस न पाहणारा, ही जोडी जुळत नव्हती.

समोर असलेली स्पष्टीकरणे

बैठकीत चार शक्यता मांडल्या गेल्या. पहिली, अर्क खरोखर काम करतो. दुसरी, अर्काने भूक मंदावली, उंदीर रोडावले आणि प्लीहाही मागे पडली. वजनाची नोंदवही काढली. अर्काच्या गटांचे वजन सीएमसी गटाइतकेच वाढले होते, त्यामुळे ही शक्यता मागे टाकली. तिसरी, उंदरांच्या जातीत भेसळ. सगळे एकाच पुरवठादाराच्या एकाच खेपेतले, पांढरे बाल्ब सी होते आणि विषाणू टोचलेल्या सगळ्यांनाच थोडाफार रोग झाला होता, म्हणून तीही टिकली नाही. चौथी, दुसऱ्या दिवशी सुईतून गेलेला विषाणू कमी होता.

चौथी शक्यता कोणालाच आवडली नाही, कारण ती खरी ठरली तर अर्काबद्दल काहीच सिद्ध होत नव्हते. विद्यार्थिनीने दोन्ही दिवसांच्या उरलेल्या द्रावणावर, जे नंतर गोठवून ठेवले होते, आरटी-पीसीआर केली. दोन्हीचे सीटी मूल्य, म्हणजे विषाणूचा आरएनए किती आहे ते दाखवणारा आकडा, जवळजवळ सारखे आले. “विषाणू तेवढाच आहे,” म्हणून विषय जवळपास मिटलाच होता.

या प्रकरणातली सर्वांत मोठी चकवणूक हीच होती. आरटी-पीसीआर विषाणूचा आरएनए मोजते, जिवंत विषाणू मोजत नाही. रेट्रोव्हायरसला मेदाचे नाजूक आवरण असते आणि त्यावरच्या प्रथिनांवर पेशीत शिरणे अवलंबून असते. उष्णतेने ते आवरण निकामी झाले तरी आतल्या कोषातला आरएनए बराच काळ शाबूत राहतो. ३७ अंशांवर उंदरांच्या ल्युकेमिया विषाणूची संसर्गक्षमता काही तासांतच निम्मी होते. उष्णता त्याला सोसत नाही हे ग्रॉस यांच्या काळापासून माहीत आहे. त्यांच्या अर्कातला ल्युकेमियाचा घटक ६५ अंशांच्या आसपास अर्धा तास तापवल्यावर नाहीसा होई, आणि लालाग्रंथीच्या गाठी करणारा दुसरा घटक तगून राही. त्यावरूनच हे दोन वेगळे विषाणू असल्याचे त्यांना पटले.  

फ्रिजची रात्र

पीसीआरवर समाधान मानायला सहमार्गदर्शक तयार नव्हत्या. त्यांनी फ्रिजच्या तापमानाची नोंद मागवली. वहीत रोज सकाळी नऊचा एकच आकडा होता: ५, ६, ५, ६. त्या दोन्ही दिवशीही ६. म्हणजे सगळे ठीक.

फ्रिजच्या दाराला अडकवलेला डिजिटल थर्मामीटर कमाल आणि किमान दोन्ही आकडे लक्षात ठेवणारा होता. कमाल दाखवणारे बटण कोणी दाबतच नसे. ते दाबल्यावर पडद्यावर २६ आला. ही आठवण पुसून नव्याने सुरू करण्याची पद्धत नसल्याने हा आकडा कोणत्या दिवशीचा ते यंत्र सांगत नव्हते. तेव्हा परिचर भाऊंनी जनरेटरची डिझेल वही आणून दिली. पहिल्या दिवसाच्या रात्री ११.४० ते पहाटे ५.५० वीज गेल्याने जनरेटर चालल्याची नोंद होती. “मॅडम, जनरेटर फक्त ॲनिमल हाऊसच्या एसीला आणि डीप फ्रीझरला आहे. हा फ्रिज साध्या लाइनवर आहे,” त्यांनी सांगितले. सकाळी नऊपर्यंत फ्रिज पुन्हा थंड झाला होता आणि वहीत ६ लिहिला गेला.

म्हणजे पातळ केलेला विषाणू सहा तासांहून जास्त वेळ वाढत्या तापमानात होता. बर्फ मध्यरात्रीनंतर कधीतरी वितळला असणार. शिवाय द्रावण साध्या बफरमधले, प्रथिनविरहित. पातळ द्रावणात प्रथिन नसेल तर विषाणू अधिक लवकर निकामी होतो, नळीच्या भिंतीलाही चिकटतो. म्हणून अशा द्रावणात सहसा थोडे सीरम घालतात.

आणखी एक बाजू होती. विषाणूचा डोस कमी पडला म्हणून रोग टळत नाही, तो उशिरा येतो. एकाच ठरलेल्या दिवशी, इथे चौदाव्या, प्लीहा काढली तर उशीर आणि बचाव यांतला फरक दिसतच नाही. प्लीहा वेगाने वाढण्याच्या दिवसांत थोड्या उशिरानेही वजनात दुपटी-तिपटीचा फरक पडतो.

पर्याय

सारांश तसाच पाठवावा आणि पुनरावृत्ती नंतर करावी, हा एक मार्ग होता. परिषदेची मुदत जवळ होती आणि विद्यार्थिनीची फेलोशिप संपत आली होती, म्हणून तो मोहाचाही होता. दुसरा मार्ग म्हणजे लगेच सगळा प्रयोग ४० उंदरांवर पुन्हा करणे. त्यात खर्च मोठा, आणि चूक नेमकी कुठे झाली हे कळलेच नसते. तिसरा, पेशींवर विषाणू मोजणे, उदाहरणार्थ १९७० पासून वापरात असलेल्या एक्ससी चाचणीने. ती मदतनीस विषाणू मोजते, रोग घडवणाऱ्या जोडीदाराबद्दल थेट बोलत नाही. शिवाय महाविद्यालयात पेशीसंवर्धनाची खोली नव्हती.

चौथा मार्ग निवडला गेला: ती रात्र मुद्दाम पुन्हा घडवायची आणि विषाणू प्लीहेवरच मोजायचा. ॲक्सलरॅड आणि स्टीव्ह्ज यांनी १९६४ मध्ये दिलेल्या स्प्लीन फोकस चाचणीने ते होते. नैतिकता समितीकडे १८ उंदरांची वाढीव परवानगी मागितली. समितीने आधी विचारले की इतके उंदीर कशासाठी. ४० उंदरांची पुनरावृत्ती आंधळेपणाने करण्यापेक्षा हे कमी आहेत, हे उत्तर त्यांना पटले.

सारांश मागे घेण्याचा निर्णय सरांनी घेतला. तो त्यांनी पडताळणीचा निकाल हाती येण्याआधी घेतला, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

प्रत्यक्ष कृती

त्याच खेपेचे व्हायल वितळवून एकास दहा पातळ केले आणि तीन नळ्या केल्या. पहिली नळी: नुकताच वितळलेला, लगेच टोचलेला विषाणू. दुसरी: साध्या बफरमध्ये, त्याच फ्रिजमध्ये रात्रभर, रात्री पावणेबारा ते पहाटे पावणेसहा प्लग काढून. तिसरी: २ टक्के सीरम घातलेली, रात्रभर बर्फात, बर्फ दोनदा बदलून. दुसरी आणि तिसरी नळी आदल्या दिवशी भरली, पहिली त्याच सकाळी, जेणेकरून तिन्ही एकाच सत्रात टोचता येतील. प्रत्येक नळीचे एकास दहा आणि एकास शंभर असे दोन पातळ प्रकार, प्रत्येकाला तीन उंदीर.

नवव्या दिवशी प्लीहा काढून बुआँ द्रावणात ठेवल्या. हे द्रावण संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ भाग, फॉर्मलिन २५ आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ५ असे करतात. पिक्रिक आम्ल वाळले तर स्फोटक होते. उन्हाळ्यात बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत त्याचे कण वाळून बसतात. बाटली सदैव ओली राहील याची काळजी घ्यावी आणि आट्या पुसत राहाव्यात. बुआँमध्ये प्लीहा पिवळी पडते आणि विषाणूने उभ्या केलेल्या पेशींच्या वसाहती पृष्ठभागावर फिकट ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. भिंगाखाली त्या मोजता येतात. दोन जणांनी एकमेकांचे आकडे न पाहता मोजणी केली. कोणती बाटली कोणत्या नळीची हे फक्त परिचर भाऊंना माहीत होते.

ताज्या विषाणूच्या एकास शंभर गटात प्रत्येक प्लीहेवर वीसच्या आसपास ठिपके होते. एकास दहामध्ये ते एकमेकांत मिसळून मोजण्यापलीकडे गेले होते. फ्रिजमध्ये तापलेल्या नळीत एकास शंभरला दोन प्लीहांवर एकही ठिपका नाही आणि एकीवर दोन; एकास दहाला पंधरा ते वीस. म्हणजे संसर्गक्षम विषाणू जवळपास दहापट घटला होता. सीरम आणि बर्फाच्या नळीत ताज्याच्या साधारण दोन-तृतीयांश ठिपके टिकले. तिन्ही नळ्यांचा आरटी-पीसीआरचा सीटी पुन्हा सारखाच.

निष्पत्ती

थंडीत मूळ प्रयोग पुन्हा झाला. या वेळी टोचण्याच्या प्रत्येक सत्रात प्रत्येक गटाचे निम्मे उंदीर होते. दोन्ही सत्रांना नवे व्हायल वितळवले. सत्र संपल्यावर नळीत उरलेला विषाणू एकास दहा आणखी पातळ करून तीन वेगळ्या उंदरांना टोचला आणि नवव्या दिवशी ठिपके मोजले. सुरुवातीला आणि शेवटी विषाणू तेवढाच होता हे यातून कागदावर आले.

२०० मिग्रॅ अर्काचा काहीही परिणाम दिसला नाही. ४०० मिग्रॅला प्लीहा थोडी हलकी आली. पण या खेपेत त्या गटाचे शरीराचे वजनही घटले होते, आणि प्लीहेचे वजन शरीराच्या वजनाशी भागून पाहिल्यावर फरक उरला नाही. एझेडटीने पूर्वीसारखाच परिणाम दिला. प्रबंधातले ते प्रकरण आता अर्क निष्प्रभ असल्याचे सांगते आणि निम्मे प्रकरण विषाणूच्या उष्णतेने होणाऱ्या हानीवर आहे. पेटंटची बोलणी थांबली.

वेगळे काय करता आले असते

पहिली आणि मोठी गोष्ट म्हणजे पिंजऱ्यांच्या क्रमाने टोचणे टाळायला हवे होते. काम दोन दिवसांत विभागावे लागेल हे उंदरांची संख्या पाहूनच कळण्यासारखे होते. एकाच माणसाला एका सकाळी ४० शेपट्या उरकतीलच असे नाही. गट आणि दिवस एकमेकांत मिसळले असते तर वीज जाण्याचा फटका सगळ्या गटांना सारखा बसला असता. प्रयोग खराब झाला असता, पण खोटा निकाल निघाला नसता.

साठा ०.५ मिलीच्या एकदाच वापरायच्या व्हायलमध्ये ठेवला असता तर उरलेले जपण्याची वेळच आली नसती. प्रत्येक वितळवण्यात संसर्गक्षमता घटते, त्यामुळे उरलेले पुन्हा गोठवून ठेवणे हाही उपाय नाही.

हलकी भूल देऊन दर आठवड्याला पोटावरून प्लीहा चाचपणे हे बिनखर्चाचे होते. सरावाच्या बोटांना तिप्पट-चौपट वाढ जाणवते. त्यातून काळाचा आलेख मिळाला असता आणि अर्काच्या गटात रोग मागून येतोय हे तेव्हाच दिसले असते.

फ्रिज आता जनरेटरच्या लाइनवर आहे. वहीत सकाळी चालू, कमाल आणि किमान असे तीन आकडे लिहून थर्मामीटरची आठवण पुसली जाते. डीप फ्रीझरबद्दलही एक प्रश्न याच निमित्ताने पुढे आला: उणे ८० अंशांची बहुतेक यंत्रे भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या आसपास असेल असे धरून बनवलेली असतात, आणि हे यंत्र बिनएसीच्या व्हरांड्यात होते. ते आत हलवले.

पहिल्या प्रयोगातल्या सीएमसी आणि एझेडटी गटांच्या आकड्यांचे काय करायचे यावर मतभेद राहिले. दोन्ही गट एकाच दिवशी, एकाच ताज्या विषाणूने टोचलेले असल्याने ती तुलना वैध आहे, तेवढी मुख्य मजकुरात ठेवावी, असे सरांचे मत होते. मॅडमच्या मते अर्धा प्रयोग टाकून उरलेला अर्धा निवडून दाखवणे वाचकाला पटणार नाही. शेवटी सगळे ४० उंदीर, दोन्ही दिवसांच्या तारखा, डिझेल वहीतली वेळ आणि थर्मामीटरचा २६ हा आकडा यांसह संपूर्ण पहिला प्रयोग प्रबंधाच्या परिशिष्टात गेला.